स्कॉटची कादंबरी वाचून लखनौचा एक लेखक चिडला आणि उर्दूत घोडे-तलवारींच्या कादंबऱ्यांची लाट आली

तुमच्या फोनवर अशी एखादी क्लिप येऊन गेली असेलच. मागे नगाऱ्यांचा आवाज, वाळवंटात दौडणारा घोडा, चिलखत घातलेला सेनापती आणि त्याच्या तोंडी काळजाला भिडणारं एक वाक्य. खाली नाव लिहिलेलं असतं, सलाहुद्दीन अय्युबी, मुहम्मद बिन कासिम नाहीतर तारिक बिन जियाद.

कुणी ती क्लिप अभिमानानं फॉरवर्ड करतं. कुणी "बघा, हे असलेच होते" म्हणत रागानं फॉरवर्ड करतं. दोघंही एक गोष्ट मात्र धरून चालतात, ती म्हणजे हा माणूस हे वाक्य खरंच बोलला होता.

पुष्कळदा तो ते बोललेला नसतो. ते वाक्य लखनौ, लाहोर किंवा रावळपिंडीत बसून एखाद्या कादंबरीकारानं लिहिलेलं असतं, आणि तेही मूळ घटनेनंतर सातशे, आठशे, कधी हजारावर वर्षांनी. उर्दूत अशा कादंबऱ्यांची सव्वाशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. ती कशी सुरू झाली, का वाढली आणि कादंबरीचा इतिहास कधी झाला, हे समजून घेऊया.

सुरुवात झाली ती रागातून

१८५७ चं बंड फसलं. दिल्लीचा बादशहा रंगूनला गेला, अवधचं राज्य तर वर्षभर आधीच इंग्रजांनी खालसा केलं होतं. उत्तर हिंदुस्थानातल्या उर्दू बोलणाऱ्या शिकलेल्या मुस्लिम वर्गाला एकच प्रश्न छळत होता, आपलं हे असं का झालं? १८७९ मध्ये अल्ताफ हुसैन हाली यांनी 'मुसद्दस' लिहिलं. इस्लामी जगाच्या भरती-ओहोटीवरचं हे दीर्घकाव्य घराघरांत पोहोचलं. शिबली नोमानी खलिफांची चरित्रं लिहू लागले. गेलेल्या वैभवाकडे वळून बघायची ती वेळ होती.

याच काळात लखनौत अब्दुल हलीम शरर नावाचे लेखक होते. जन्म १८६० चा. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह यांनी कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला छोटं लखनौच वसवलं होतं. शररांचं लहानपण तिथं गेलं. म्हणजे संपलेल्या राज्याची सावली त्यांनी जवळून पाहिलेली.

शररांच्या हाती सर वॉल्टर स्कॉट यांची 'द टॅलिस्मन' ही इंग्रजी कादंबरी पडली. १८२५ ची ही कादंबरी धर्मयुद्धांवर, म्हणजे जेरुसलेमसाठी ख्रिस्ती आणि मुस्लिम सैन्यांत झालेल्या लढायांवर आहे. गंमत म्हणजे स्कॉटनं सलाहुद्दीन उमदा आणि दिलदार दाखवलाय. तरीही एकूण मुस्लिमांचं चित्रण शररांना अपमानाचं वाटलं. मग त्यांनी ठरवलं की उत्तर द्यायचं, आणि तेही कादंबरीनंच.

१८८७ मध्ये त्यांनी 'दिलगुदाझ' हे मासिक काढलं. त्यातून १८८८ मध्ये 'मलिकुल अझीझ वर्जना' ही कादंबरी आली. काळ धर्मयुद्धांचाच, पण नायक मुस्लिम शहजादा आणि त्याच्या प्रेमात पडणारी नायिका ख्रिस्ती राजघराण्यातली. स्कॉटचाच साचा, फक्त बाजू उलटी. उर्दूतल्या ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात इथून धरतात.

शरर एवढ्यावर थांबले नाहीत

शररांना 'इस्लामचे गोडवे गाणारा लेखक' म्हणून मोकळं होता येत नाही. त्यांची सगळ्यात गाजलेली कादंबरी 'फिरदौस-ए-बरीं' (१८९९) अंधश्रद्धेवर आहे.

तिचा नायक हुसैन आणि त्याची प्रेयसी जमुर्रद प्रवासाला निघतात. वाटेत जमुर्रद नाहीशी होते. ती 'स्वर्गात' आहे असं हुसैनला सांगितलं जातं. तिच्या भेटीच्या आशेनं तो एका धर्मगुरूच्या पूर्ण आहारी जातो, इतका की त्याच्या हुकमावरून ज्यांना मान द्यायचा त्यांचाच खून करतो. तो स्वर्ग म्हणजे इराणमधल्या अलामूत किल्ल्याच्या परिसरात उभा केलेला देखावा निघतो. शेवटी मंगोल सरदार हुलागू खान येतो आणि सगळं संपतं. अलामूत खरोखरच १२५६ मध्ये पडला होता.

इथंही एक मेख आहे. भांग पाजून खोट्या स्वर्गात नेण्याची गोष्ट जगभर पसरली ती मार्को पोलोच्या प्रवासवर्णनामुळे. अलामूतला निजारी इस्माइली पंथाचं राज्य होतं. या पंथाचे अभ्यासक फरहाद दफ्तरी यांनी हा खोटा स्वर्ग दंतकथा असल्याचं दाखवून दिलंय. म्हणजे बदनामीला उत्तर द्यायला निघालेल्या शररांनी नकळत दुसऱ्या एका समाजाबद्दलची बदनामीची गोष्ट पुढे नेली. कादंबरी उत्तम, पण तिला पुरावा मानलं की काय होतं, ते इथं दिसतं.

मग आले नसीम हिजाझी

शररांनंतर सादिक हुसैन सरधनवी, एम. अस्लम, रईस अहमद जाफरी असे अनेक लेखक या वाटेनं गेले. पण या प्रकाराला घराघरांत नेलं ते नसीम हिजाझी यांनी.

त्यांचं खरं नाव शरीफ हुसैन. जन्म १९१४ चा, पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्यात. पेशानं पत्रकार. १९४० च्या दशकात, पाकिस्तानची मागणी जोर धरत असताना, त्यांनी 'दास्तान-ए-मुजाहिद' आणि 'मुहम्मद बिन कासिम' या कादंबऱ्या लिहिल्या. फाळणी झाली आणि गुरदासपूर जिल्ह्याचा बहुतेक भाग भारतात आला. हिजाझी पाकिस्तानचे झाले, गाव सीमेपलीकडे राहिलं.

यानंतरची त्यांची 'शाहीन' ही कादंबरी कशावर आहे? तर १४९२ मध्ये स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य ग्रॅनाडा पडलं, त्यावर. म्हणजे पंधराव्या शतकात घर गमावलेल्या लोकांची गोष्ट, आणि ती वाचणारे होते नुकतंच घर गमावलेले लोक. हिजाझींची जादू इथं आहे. निर्वासितांच्या वस्तीत कंदिलाखाली 'शाहीन' वाचणाऱ्याला ग्रॅनाडा कुठं आहे हे माहीत नसलं तरी चालत होतं. त्यानं आपलं ग्रॅनाडा पाहिलं होतं. फाळणीवर तर त्यांनी थेट 'खाक और खून' लिहिली.

त्यांच्या कादंबऱ्यांचा साचा साधारण ठरलेला असतो:

- खरा सुलतान किंवा सेनापती मागे असतो, पुढे असतो लेखकानं घडवलेला तरुण नायक.
- नायक शूर, पापभीरू, शब्दाला जागणारा. नायिका तितकीच निग्रही.
- शत्रूपक्षातलं कुणीतरी नायकाच्या चारित्र्यानं भारावून जातं.
- दरबारात एक फितूर असतोच.
- मधूनमधून लांबलचक भाषणं असतात. ती पात्रं बोलतात, पण ऐकवायची असतात वाचकाला.

यातलं फितुराचं पात्र सगळ्यात महत्त्वाचं. आपण तलवारीनं हरलो नाही, घरभेद्यांमुळे हरलो, हा या कादंबऱ्यांचा गाभा आहे. हरलेल्या माणसाला हे स्पष्टीकरण फार दिलासा देतं. त्याचा धोकाही तिथंच आहे. पराभवाचं कारण फितुरी हेच असेल, तर अर्थकारण, शस्त्रं, राज्यकारभार, भाऊबंदकी यांचा विचार करायची गरजच उरत नाही. आपल्यातला फितूर शोधला की झालं.

डायजेस्ट, टीव्ही आणि मग मोबाईल

लाहोरच्या 'हिकायत' या मासिकाचे संपादक इनायतुल्लाह 'अल्तमश' या नावानंही लिहीत. त्यांची 'दास्तान ईमान फरोशों की' सलाहुद्दीनवर आहे. शीर्षकाचा अर्थ, ईमान विकणाऱ्यांची कहाणी. म्हणजे फितूर इथं थेट मुखपृष्ठावर. हेरगिरी, कारस्थानं आणि शत्रूनं पाठवलेल्या सुंदर तरुणी यांमुळे ही कादंबरी रहस्यकथेसारखी वाचली जाते. वाचकांच्या हाती ती खंडाखंडानं आली आणि आता तिच्या पीडीएफ फोनवर फिरतात.

टीव्हीही मागे राहिला नाही. हिजाझींच्या 'शाहीन' आणि 'आखरी चट्टान' या कादंबऱ्यांवर १९८० च्या दशकात पाकिस्तान टेलिव्हिजननं मालिका केल्या. पाकिस्तानात तेव्हा जनरल झिया-उल-हक यांची राजवट होती आणि शेजारी अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजांविरुद्ध युद्ध सुरू होतं. अशा वेळी घोड्यावरचा मुजाहिद पडद्यावर दिसणं ही निव्वळ करमणूक राहत नाही.

एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन आणि रमजान एकत्र आले. तेव्हाचे पंतप्रधान इम्रान खान यांच्या पुढाकारानं पाकिस्तान टेलिव्हिजननं तुर्की मालिका 'अर्तुग्रुल' उर्दूत दाखवली आणि ती तुफान चालली. तुर्की लेखकांची मालिका उर्दू प्रेक्षकांना इतकी जवळची का वाटली? कारण साचा ओळखीचा होता. शूर नायक, निग्रही नायिका, दरबारातला फितूर, सगळं हिजाझींच्या वाचकांनी आधीच वाचलेलं होतं. आणि खऱ्या अर्तुग्रुलबद्दल समकालीन पुरावा किती? तो उस्मानचा बाप होता हे सांगणारं नाणं सापडलंय. त्यापलीकडे जवळजवळ काही नाही. पाच सीझनची मालिका एवढ्याशा आधारावर उभी आहे.

कादंबरी काय सांगते, साधनं काय सांगतात?

आता तीन उदाहरणं बघू.

मुहम्मद बिन कासिम: इ. स. ७११-१२ मध्ये त्यानं सिंध जिंकला. कादंबरीत समुद्री चाचे मुस्लिम स्त्रियांना पकडतात, नाहीद नावाची तरुणी हज्जाजला पत्र पाठवते आणि तरुण सेनापती तिच्या सुटकेसाठी निघतो. ते पत्र वाचून डोळ्यांत पाणी येतं, पण ते हिजाझींचं आहे. नवव्या शतकातला अरब इतिहासकार बलाजुरी स्त्रियांच्या अपहरणाची हकीकत देतो, पण राजा दाहिरनं 'चाचे माझ्या ताब्यात नाहीत' असं कळवल्याचंही सांगतो. हाच बलाजुरी लिहितो की त्याच्या कितीतरी आधी, खलिफा उमर यांच्या काळात, अरबांचं आरमार थेट आपल्या ठाण्यावर येऊन गेलं होतं. म्हणजे या किनाऱ्याकडे त्यांची नजर आधीपासून होती, आणि ती व्यापारी मार्गांसाठीही होती.

कासिमच्या मृत्यूबद्दल तर साधनांतच एकमत नाही. बलाजुरीच्या मते नव्या खलिफाच्या राजवटीत त्याला कैद करून छळ करून मारलं. पाचेकशे वर्षांनंतरच्या 'चचनामा' या फारसी ग्रंथात त्याला कच्च्या कातड्यात शिवल्याची गोष्ट येते. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे, त्याला मारलं ते त्याच्याच दरबारानं.

सलाहुद्दीन: ११८७ मध्ये त्यानं जेरुसलेम घेतलं, हे खरं. पण त्याआधीची बारा-तेरा वर्षं त्याचा मोठा वेळ अलेप्पो आणि मोसुलच्या मुस्लिम सत्ताधीशांना नमवण्यात गेला. कादंबरीच्या चौकटीत विरोधी मुस्लिम म्हणजे ईमान विकलेले लोक. इतिहासाच्या चौकटीत ती दोन राजघराण्यांची सत्तेची स्पर्धा होती.

जलालुद्दीन ख्वारझमशाह: 'आखरी चट्टान'मधला हा मंगोलांपुढचा शेवटचा खडक. १२२१ मध्ये चंगीझ खानाशी लढून त्यानं घोड्यासह सिंधू नदीत उडी घेतली, हा प्रसंग जुन्या साधनांत आहे. दिल्लीच्या अल्तमशनं त्याला आसरा दिला नाही, हेही खरं. पण पुढे १२३० मध्ये याच जलालुद्दीननं अय्युबींच्या ताब्यातलं अहलात शहर वेढा घालून लुटलं. मग सेल्जुक आणि अय्युबी अशा दोन मुस्लिम सैन्यांनी मिळून त्याचा पराभव केला. 'इतरांनी त्याला साथ का दिली नाही?' याचं उत्तर कादंबरीत फितुरी असतं. इतिहासात त्याचं एक उत्तर अहलातला आहे.

आणि तारिकनं स्पेनच्या किनाऱ्यावर जहाजं जाळली, ती गोष्ट? ७११ मध्ये तो उतरला हे नक्की. पण जहाजं जाळल्याचा उल्लेख सुरुवातीच्या साधनांत नाही, तो कितीतरी नंतर, बाराव्या शतकात दिसतो. तरी उर्दूत 'कश्तियाँ जलाना' हा वाक्प्रचारच झाला. आपण 'परतीचे दोर कापले' म्हणतो ना, अगदी तसाच.

म्हणजे हे फक्त उर्दूतच घडलं का?

अजिबात नाही. त्याच काळात कैरोत जुर्जी झैदान अरबीत ऐतिहासिक कादंबऱ्यांची मालिका लिहीत होते, बंगालीत बंकिमचंद्र लिहीत होते. मराठीत 'मोचनगड' १८७१ मध्ये आली. ह. ना. आपट्यांनी ऐतिहासिक कादंबरीला सुरुवात केली ती 'म्हैसूरचा वाघ'पासून, टिपूवरची ही कादंबरी मेडोज टेलरच्या इंग्रजी कादंबरीवर बेतलेली होती. इंग्रजांच्या राज्यात सगळेच आपापला भूतकाळ इंग्रजी साच्यात ओतून बघत होते.

टिपूवर हिजाझींनीही 'और तलवार टूट गई' लिहिली. त्याआधीच्या 'मुअझ्झम अली'चा नायक तर पानिपतच्या तिसऱ्या लढाईतही उतरतो. आपण विश्वास पाटलांची 'पानिपत' वाचून हळहळतो, ती हीच लढाई. दोन भाषांतल्या वाचकांनी एकच रणांगण दोन बाजूंनी पाहिलं. आता खरा इतिहास बघा. पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळला इब्राहिम खान गारदीनं, आणि त्यासाठी जीवही दिला. १७९०-९२ मध्ये टिपूविरुद्ध इंग्रजांबरोबर मराठेही होते आणि निजामही. धर्मावरून बाजू ठरवायला गेलं तर हा हिशोब लागत नाही.

आपल्याकडेही 'स्वामी'तले रमा-माधवाचे संवाद लोक पेशव्यांचे म्हणून सांगतात. ते रणजित देसाईंचे आहेत.

उर्दूत दुसरा आवाज नाही का?

आहे, आणि भक्कम आहे. १९५९ मध्ये कुर्रतुलऐन हैदर यांची 'आग का दरिया' आली. ती बौद्धकाळापासून फाळणीपर्यंत येते आणि त्यात कुणी एक विजेता नाही. अलीगढचे काझी अब्दुल सत्तार यांनी सलाहुद्दीनवर लिहिलं तसं दारा शुकोहवरही लिहिलं. शम्सुर्रहमान फारुकींच्या 'कई चाँद थे सर-ए-आसमाँ'मध्ये १८५७ पूर्वीची दिल्ली तिच्या कपड्यांसह, दागिन्यांसह आणि शेरोशायरीसह उभी राहते. खुद्द पाकिस्तानात मुबारक अलींसारखे इतिहासकार विजेत्यांच्या या पूजेवर वर्षानुवर्षं टीका करत आलेत. सिंधमध्ये तर जी. एम. सय्यद यांनी राजा दाहिरलाच सिंधचा नायक मानलं. कराचीजवळच्या बंदराला मुहम्मद बिन कासिमचं नाव आहे, आणि त्याच प्रांतात दाहिरला मानणारेही आहेत.

मग या कादंबऱ्या वाचायच्या की नाही?

खुशाल वाचा. अनेकांना वाचनाची गोडी हिजाझींनी लावली, आणि 'फिरदौस-ए-बरीं' आजही हातातून सुटत नाही. फक्त त्या ज्या काळाबद्दल बोलतात त्यापेक्षा ज्या काळात लिहिल्या गेल्या त्याबद्दल जास्त सांगतात, हे लक्षात असू द्या. 'मलिकुल अझीझ वर्जना'त १८८८ चं लखनौ आहे. 'शाहीन'मध्ये फाळणीचा पंजाब आहे.

आणि पुढच्या वेळी क्लिप आली की फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे वाक्य कुणी ऐकलं आणि लिहून ठेवलं? ते घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं गेलं? आणि यात फितूर ठरवलेल्या माणसाची बाजू कुठं आहे?

अभिमानानं फॉरवर्ड करणारा आणि रागानं फॉरवर्ड करणारा, दोघंही एकाच कादंबरीवर विश्वास ठेवत असतात. एक म्हणतो विजेते असे थोर होते, दुसरा म्हणतो सगळे असेच क्रूर होते. दोघांचंही म्हणणं एकच, की हजार वर्षांत सगळे मुस्लिम राज्यकर्ते एकाच कारणासाठी, एकाच आवेशानं लढले. कादंबरीकाराला नायक उभा करायला हे सोपं पडतं. पण त्या एका वाक्याच्या आधारावर आज कुणी शेजाऱ्याबद्दल मत बनवत असेल, तर ते वाक्य कुणी लिहिलं, हे माहीत असलेलं बरं.